पाच संगणक, एक नोंदवही

अमेरिकेतल्या एमआयटीमध्ये वितरित संगणक प्रणालींचा एक अभ्यासक्रम आहे. त्यात विद्यार्थ्यांचा खरा कस लागतो तो ‘राफ्ट’चा प्रोग्रॅम स्वतः लिहिताना. डिएगो ओंगारो आणि जॉन ऑस्टरहाउट यांनी २०१४ मध्ये मांडलेली, अनेक संगणकांवरची नोंद एकसारखी ठेवण्याची ही पद्धत.

समजा, पाच संगणकांवर एकच नोंदवही ठेवायची आहे. ते मतदानानं नेता निवडतात. त्यानं पाठवलेली नोंद, तो धरून, तिघांकडे उतरली की पक्की. नेत्याचा निरोप वेळेत आला नाही, तर पुन्हा निवडणूक. वाट पाहण्याची मुदत मात्र प्रत्येकाची वेगळी, चिठ्ठी टाकून ठरवल्यासारखी. नाहीतर सगळेच एकदम उभे राहतील आणि मतं फुटतील. किती साधी, किती सुंदर युक्ती!

विद्यार्थ्यांचा प्रोग्रॅम तपासताना निरोप मुद्दाम हरवले जातात, संगणक मध्येच बंद पाडले जातात. दोन बंद पडले तरी उरलेल्या तिघांनी काम चालू ठेवायचं असतं.