नदीवरची शांतता आणि तळमजल्यावरची झोप

(अभ्यासवर्गातील भाषणाचा संपादित भाग)



नदीपर्यटनाच्या जहाजातील नोकरांच्या खोल्या हा विषय आजच्या प्रसंगी मी का निवडला, असा प्रश्न आपल्यापैकी काहींच्या मनात आला असेल. कष्टकऱ्यांचे मोठे प्रश्न समोर असताना श्रीमंतांच्या सहलींकडे कशाला वळावे? परंतु भांडवली व्यवस्थेचे मर्म कित्येकदा अशा लहान जागेतच अधिक स्पष्ट दिसते. येथे तर मालक, गिऱ्हाईक आणि कामगार यांचे संबंध एकाच पोलादी सांगाड्यात, मजल्यामजल्याने रचलेले आहेत.

युरोपचे उदाहरण घेऊ. 1992 साली मेन-डॅन्यूब कालवा पूर्ण झाला आणि ऱ्हाईन नदीतून थेट डॅन्यूबमध्ये जाण्याची वाट खुली झाली. ॲमस्टरडॅम ते बुडापेस्ट हा प्रवास आज याच वाटेने होतो. या वाटेवर मेन नदीत 34 आणि कालव्यात 16 लॉक आहेत. म्हणजे पाणी वरखाली करून जहाज एका पातळीवरून दुसऱ्या पातळीवर नेणारे दरवाजे. त्यांची रुंदी 12 मीटर, म्हणून जहाज साडेअकरा मीटरच्या आतच ठेवावे लागते. लांबी 135 मीटरच्या पुढे जाऊ शकत नाही आणि पुलांमुळे उंचीही वाढविता येत नाही. जागा अशी चहूबाजूंनी बांधलेली असल्यामुळे प्रत्येक चौरस फुटाला भाडे आहे. अर्थशास्त्राच्या भाषेत ही दुर्मीळ भूमीच होय. प्रवाशाची खाट रोज उत्पन्न देते, नोकराची खाट खर्च दाखविते. मग नोकराची खाट कोठे जाणार? पाण्याच्या पातळीला, सर्वांत खालच्या मजल्यावर आणि बहुधा यंत्रांच्या जवळ.

आता रात्रीचा विचार करा. प्रवाशाला दिवसा शहर पाहावयाचे असते, म्हणून जहाज पुष्कळदा रात्री चालते. इंजिन आणि जनरेटर यांची घरघर अखंड चालू असते. प्रत्येक लॉकमध्ये शिरताना नाळेकडील आडवा पंखा सुरू होतो आणि त्याचा खडखडाट पोलादातून थेट खाटेपर्यंत पोहोचतो. वरच्या मजल्यावरील प्रवासी खिडकीतून चांदणे पाहत झोपी जातो. पहाटे त्याच्यासाठी न्याहारी मांडावयाची असते ती व्यक्ती मात्र त्याच वेळी खाली कूस बदलत असते. शांतता ही येथे विक्रीची वस्तू झाली आहे. ज्याला ती विकत घेता येत नाही, त्याच्याकडे गोंगाट ढकलला जातो.

कायदा काय म्हणतो? युरोपातील अंतर्गत जलवाहतुकीच्या तांत्रिक नियमांनी झोपण्याच्या खोलीतील आवाजाची कमाल मर्यादा 60 डेसिबल ठरविली आहे. हा साधारणपणे दोन माणसांच्या संभाषणाचा आवाज. जागतिक आरोग्य संघटनेने 1999 साली शयनगृहातील अखंड आवाजासाठी 30 डेसिबलची शिफारस केली होती. डेसिबलचे गणित साधे नाही. 30 डेसिबलचा फरक म्हणजे ध्वनीच्या ऊर्जेत हजारपट फरक. म्हणजे नियम तंतोतंत पाळूनही माणसाची झोप मोडता येते!

दुसरी गोष्ट याहून मूलगामी आहे. नाविकांच्या हक्कांची सनद म्हणून जिचा गौरव होतो, ती आंतरराष्ट्रीय श्रमसंघटनेची 2006 सालची सागरी श्रम संहिता 2013 मध्ये अंमलात आली. भारतानेही 2015 मध्ये तिला मान्यता दिली. निवास, विश्रांती, आवाज, कंपने या सर्वांचा तिने विचार केला आहे. परंतु केवळ अंतर्गत जलमार्गांवर चालणारी जहाजे तिच्या व्याख्येतूनच वगळली आहेत. युरोपीय संघाने 2014 च्या निर्देशाद्वारे कामाच्या तासांपुरती ही पोकळी काही अंशी भरली: दिवसाला कमाल 14 तास, आठवड्याला कमाल 84 तास, वर्षाची सरासरी आठवड्याला 48 तास आणि रोज किमान 10 तास विश्रांती, त्यांपैकी 6 तास सलग. हे कामगार संघटनांनी वाटाघाटींतून मिळविले आहे, त्याचे मोल मी कमी लेखत नाही. परंतु वहीत लिहिलेला विश्रांतीचा तास आणि डोळ्यांना लागलेली झोप या एकच गोष्टी नव्हेत.

वगळण्याची ही रीत आपल्याला अपरिचित नाही. 1906 सालच्या ब्रिटिश कायद्याने खलाशामागे 120 घनफूट जागा ठरविली, पण हिंदी लस्करांना त्या तरतुदीतून बाहेर ठेवले. त्या काळी बोटीवर जाणाऱ्यांत आपल्या रत्नागिरीचे कितीतरी लोक होते. माणूस तोच, समुद्र तोच, बोट तीच. फक्त व्याख्या निराळी. व्याख्येतून वगळणे हे शोषणाचे सर्वांत स्वस्त हत्यार आहे.

कोणी म्हणेल, जहाज अरुंद असेल तर इलाज काय? इलाज आहेत. इंजिन व जनरेटर रबरी आधारांवर बसविता येतात, तरंगती जमीन करता येते, धक्क्याला लागल्यावर किनाऱ्यावरून वीज घेऊन जनरेटर बंद ठेवता येतात, काही फेऱ्या दिवसा चालविता येतात. या सर्वांना पैसा लागतो, हे खरे. म्हणजेच प्रश्न तंत्राचा नसून वाटणीचा आहे. दोन-चार प्रवासी खोल्या कमी केल्या, तर तोच भार नोकरांच्या झोपेऐवजी नफ्यावर पडेल.

आपल्याकडेही ही वेळ आली आहे. 1917 चा जुना कायदा जाऊन 2021 चा अंतर्देशीय जहाज कायदा आला. 13 जानेवारी 2023 रोजी वाराणसीहून दिब्रुगढकडे 51 दिवसांची, सुमारे 3200 किलोमीटरची जलयात्रा निघाली. 18 खोल्या, 36 प्रवासी हे आकडे आपण ऐकले. त्या जहाजावर काम करणारे कोठे झोपतात, हे आपण विचारले काय? हा व्यवसाय आपल्या नद्यांवर वाढत असतानाच नियमांत तीन गोष्टी लिहून घेतल्या पाहिजेत: जहाज चालू असताना नोकराच्या उशीपाशी आवाज मोजावा, सलग झोपेचे तास निश्चित असावेत, आणि तपासणीत कामगारांचा प्रतिनिधी असावा.

आठ तासांच्या दिवसासाठी कामगारवर्गाने रक्त सांडले, तेव्हा मागणी केवळ आठ तास कामाची नव्हती; आठ तास विश्रांतीचीही होती. मागणीचा तो भाग नदीच्या पाण्यावर अजून बाकी आहे. तो पुरा करून घेणे हे आपले काम आहे.