स्पितीला जायचंय? मग सावकाश जाऊ

(ज्येष्ठ नागरिक कट्ट्यावरील भाषण)



येत्या सप्टेंबरात आपल्यापैकी दहा-बारा जण हिमाचलातल्या स्पिती खोऱ्यात जायचं म्हणताहेत. बेत उत्तम आहे. ताबोचा मठ इ. स. ९९६ मधला. तिथल्या भित्तिचित्रांमुळे त्याला 'हिमालयातलं अजिंठा' म्हणतात. पाहायलाच हवा. पण आपण बहुतेक साठीच्या पुढचे, म्हणून तिकिटं काढण्याआधी थोडा हिशेब मांडतो.

आपलं कळसूबाई १,६४६ मीटर. स्पितीतलं मुख्य गाव काझा सुमारे ३,६५० मीटरवर, म्हणजे दुपटीहून उंच. तिथे हवा विरळ, दर श्वासाला प्राणवायू कमी. शरीराला सवय होते, पण त्याला दिवस द्यावे लागतात. डॉक्टरांचा साधा नियम असा, की ३,००० मीटरच्या वर मुक्कामाची उंची रोज ५०० मीटरहून जास्त वाढवू नये.

मनालीहून अटल बोगदा आणि ४,५५१ मीटरची कुंझुम खिंड ओलांडून एका दिवसात काझा गाठता येतं. पण मनाली जेमतेम २,००० मीटर! एका दिवसात दीड हजार मीटरहून जास्त चढ आपल्या वयाला नको. सिमल्याहून किन्नौरमार्गे रस्ता लांबचा, पण चढ हप्त्याहप्त्याने. सराहन, मग कल्प्याला दोन रात्री, नंतर ताबो (सुमारे ३,२८० मीटर), शेवटी काझा. वाटेतलं नाको ताबोहून उंच आहे. ते दिवसा पाहावं, झोपायला ताबोला यावं. परतताना कुंझुमवरून उतरायला हरकत नाही, तोवर अंग सरावलेलं असतं. एकूण दहा-अकरा दिवस धरा. त्यात एक दिवस राखीव ठेवा, कारण दरड कोसळली की रस्ता बंद होतो. पुरेशी रोकड जवळ असू द्या.

रक्तदाब, हृदयविकार, दमा असणाऱ्यांनी आधी आपल्या डॉक्टरांना विचारावं. उंचीसाठीची गोळीही त्यांच्याच सल्ल्याने. शेजाऱ्याने घेतली म्हणून आपण घ्यायची नाही.

आता सर्वांत महत्त्वाचं. डोकं दुखणं, मळमळ, झोप न लागणं ही उंची बाधल्याची लक्षणं. ती असताना आणखी वर चढायचं नाही. त्रास वाढला, तोल जाऊ लागला किंवा बसल्या जागी धाप लागली, तर ताबडतोब खाली उतरायचं. पण आपल्याकडे काय होतं? 'माझ्यामुळे सगळ्यांचा खोळंबा नको' म्हणून माणूस दुखणं लपवतो. इथे हा भिडस्तपणा जिवावर बेतू शकतो.

म्हणून माझी सूचना अशी: एका मोठ्या गाडीऐवजी दोन गाड्या करा. कुणाला उतरावं लागलं तर एक गाडी त्याच्याबरोबर फिरेल, आणि त्या गाडीत कोण बसणार हे इथेच, आज ठरवा. परतणाऱ्याला कुणी बोल लावायचा नाही, हेही आजच ठरू द्या. मठ हजार वर्षं उभा आहे, तो पुढच्या वर्षीही असेल.