दाढीच्या पात्याचें आयुष्य



आजच्या भाषणाचा विषय ऐकून आपणांपैकीं कांहीं जण मनांतल्या मनांत हंसले असतील. दाढीचें पातें हा कांहीं विद्वत्सभेंत मांडावयाचा विषय नव्हे, हें मला मान्य आहे. साधें दुधारी पातें आजहि पेलाभर चहाहून स्वस्त मिळतें. त्याचें आयुष्य चार दिवसांनीं वाढलें काय आणि न वाढलें काय, असें कोणीहि म्हणेल. परंतु जी वस्तु रोज सकाळीं आपल्या गळ्यावरून फिरते, तिला क्षुल्लक म्हणणें धाडसाचेंच होय. शिवाय जन्मभर मुलांना शिकविणाऱ्या माझ्यासारख्या शिक्षकाला या कवडीमोल पत्र्यानें उतारवयांत एक धडा शिकविला आहे. तो शेवटीं सांगेन. आधीं पात्याविषयीं बोलूं.

माझे वडील आठवड्यांतून दोनदां श्मश्रू करीत. दाढी झाली कीं ते पातें काढून घेत आणि कांचेच्या पेल्याच्या आंतल्या अंगास बोटानें धरून मागें-पुढें घाशीत. तो बारीक किरकिर आवाज कानीं आला कीं, आज रविवार आहे हें आम्हां मुलांना कळे. तेवढ्यानेंहि काम भागेना, तेव्हां तें पातें आईच्या शिवणाच्या डब्यांत जाई व टांके उसवण्याच्या कामीं येई. आणि तेथून आमच्या पेन्सिलींना टोंक करण्यासाठीं येई. गृहस्थाश्रम, वानप्रस्थाश्रम आणि संन्यास असे क्रमानें भोगल्याखेरीज त्या काळच्या पात्याला मुक्ति नसे.

मौज अशी कीं, ही वस्तु मुळांत जन्माला आली तीच फेकून देण्यासाठीं. किंग कॅम्प जिलेट हा अमेरिकेंतील एक फिरता विक्रेता. बाटल्यांच्या तोंडावर बसवावयाचीं पत्र्याचीं टोपणें करणाऱ्या कंपनींत तो नोकरीस होता. त्या टोपणाचा जनक विल्यम पेंटर यानें त्याला सल्ला दिला कीं, लोक वापरून टाकून देतील आणि पुनः विकत घेतील, अशी एखादी वस्तु काढ. १८९५ सालीं एके सकाळीं बोथट झालेला वस्तरा हातांत असतांना जिलेटला पातळ, सुट्या पात्याची कल्पना सुचली. इतक्या पातळ पोलादाला धार देतां येणार नाहीं, असें जाणकार सांगत. विल्यम निकर्सन या यंत्रविशारदानें तें साध्य करून दाखविलें. १९०३ सालीं, म्हणजे विक्रीच्या पहिल्या वर्षीं, अवघे ५१ सेफ्टी रेझर आणि १६८ पातीं खपलीं. पुढच्याच वर्षीं रेझरांचा आंकडा ९०,००० च्या वर गेला. न्हाव्याच्या धोकटींतील वस्तरा वर्षानुवर्षें चाले. त्याला धार लावावी आणि पुनः वापरावा, अशी रीत. आतां धार हीच टाकून देण्याची वस्तु झाली.

तात्पर्य, पातें टाकून द्यावें हा कारखानदाराचा हेतु, आणि तें पुरवून वापरावें हा आपल्या घरचा संस्कार. या दोहोंमध्यें शहाणपणाची रेषा कोठें ओढावी, एवढाच आजचा प्रश्न आहे.

प्रथम पातें बोथट कां होतें, हें पाहूं. पोलाद तें पोलाद, आणि केंस तो केंस. पात्याच्या पोलादाहून केंस सुमारें ५० पट मऊ असतो. असें असतां हा मऊ केंस त्या कठीण पोलादाचा पराभव करतो कसा? अमेरिकेंतील मॅसॅच्युसेट्स तंत्रविद्या संस्थेंतील जानलुका रोशिओली व त्यांचे गुरु जेम ताशान यांनीं या कोड्याचा छडा लावला आणि २०२० सालीं 'सायन्स' या नियतकालिकांत आपला निष्कर्ष प्रसिद्ध केला. रोशिओली यांनीं स्वतःची दाढी करून तीं पातीं इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखालीं तपासलीं. धार झिजून गुळगुळीत होत असेल, अशी आपली समजूत. पण तेथें दिसलें तें निराळेंच. धारेच्या कडेचे बारीक कपचे उडालेले होते. पोलाद आपल्या डोळ्यांना एकजीव दिसतें, पण सूक्ष्म पाहतां त्यांत कोठें अधिक कठीण तर कोठें कमी कठीण असे कण असतात. केंस जेव्हां धारेशीं तिरका होतो, वांकतो, आणि नेमका अशा एखाद्या दुबळ्या सांध्यावर येतो, तेव्हां त्या जागीं ताण एकवटून कपचा उडतो. एक उडाला कीं शेजारचा सैल होतो. वर्गांतील एक मूल बिघडलें कीं बांक बिघडतो, त्यांतलाच हा प्रकार.

यावरून माझ्यापुरता मीं एक बोध घेतला. पातें किती दिवस वापरलें यापेक्षां तें कसल्या केंसांवर आणि कसल्या हातानें वापरलें, यावर त्याचें आयुष्य अवलंबून आहे. कोरडा, ताठ केंस आणि घाईचा, दाबाचा हात हे पात्याचे खरे शत्रु होत.

म्हणून पहिला उपाय पाण्याचा. केंस पाणी शोषून घेतो, फुगतो आणि नरम पडतो. मग तो कापण्यास बळ पुष्कळ कमी लागतें. मात्र या क्रियेस दोन-तीन मिनिटें लागतात, आणि नेमकीं तींच आपण देत नाहीं. तोंडावर पाण्याचा हबका मारला, साबण फांसला, कीं लगेच पातें चालू. पाश्चात्य देशांत पुष्कळ लोक स्नानानंतर दाढी करतात, त्यामुळें त्यांचे केंस आधींच भिजलेले असतात. आपल्याकडे श्मश्रू केल्यावर स्नान करावयाचें, ही पूर्वापार चाल. ती मोडा, असें मी सांगत नाहीं. मीहि ती मोडलेली नाहीं. ऊन पाण्यांत पंचा बुडवावा, पिळावा आणि दोन-तीन मिनिटें गालांवर व हनुवटीवर धरावा. चाल राहते आणि केंसहि भिजतो.

दुसरा उपाय साबणाचा. साबण केंसांवरील तेलकटपणा काढतो आणि पाण्याला आंत वाट करून देतो. फेस तें पाणी केंसांभोंवतीं धरून ठेवतो. म्हणून फेस दाट पण ओला असावा. कोरडा, फुसफुसणारा फेस आरशांत शोभतो, पण पात्याच्या उपयोगाचा नसतो.

तिसरा उपाय हाताचा. रेझरला स्वतःचें वजन असतें, तेवढें पुरे. पातें त्वचेशीं सुमारें ३० अंशांचा कोन करील असें धरावें. दुसऱ्या हातानें कातडी हलकीच ताणावी, म्हणजे खुंट उभा राहतो आणि वांकून निसटत नाहीं. प्रथम केंस ज्या दिशेस वाढतात त्याच दिशेनें पातें न्यावें. उलट दिशेनें न्यावयाचें तर दुसऱ्या खेपेस, पुनः फेस लावून. जेथें दाबावेंसें वाटतें, तेथें समजावें कीं, केंस पुरता भिजलेला नाहीं किंवा पात्याचे दिवस भरले आहेत.

चौथा उपाय दाढीनंतरचा. हल्लींच्या पात्याच्या धारेवर अत्यंत पातळ मुलामा असतो. त्यामुळें पातें त्वचेवरून सुळकन् सरकतें. टॉवेलानें किंवा बोटानें धार पुसली कीं हा मुलामा जातो आणि कडेलाहि धक्का बसतो. म्हणून पातें वाहत्या पाण्याखालीं धरावें, रेझर झटकावा आणि कोरड्या, हवेशीर जागीं ठेवावा. न्हाणीघरांतील ओलाव्यांत ठेवूं नये. याच कारणास्तव वडिलांचा पेल्यावर घासण्याचा उपाय मीं सोडून दिला. ते वापरीत तीं साध्या पोलादाचीं पातीं लवकर गंजत आणि त्या घासण्याचा थोडाफार उपयोग होत असे. गंजास दाद न देणारीं पातीं १९६० नंतर प्रचारांत आलीं. मुलामा दिलेल्या आजच्या पात्यास पेल्यावर घासणें म्हणजे कल्हई केलेलें भांडें दगडानें घासण्यासारखें आहे.

निवृत्तीनंतर वेळ होता, म्हणून मीं दिनदर्शिकेवर खुणा करून हिशेब ठेवला. घाईची दाढी असे तोंवर एक पातें चार-पांच वेळां सुखानें चाले. वरील पथ्यें पाळूं लागल्यावर तें आठ-नऊ वेळां चालूं लागलें. ही एका चेहऱ्याची गोष्ट आहे. ज्याचे केंस राठ, त्याचें पातें लवकर जाईल. म्हणून माझा आंकडा कोणीं प्रमाण मानूं नये. आपल्या गालाची साक्ष प्रमाण मानावी. केंस कापला न जातां ओढला जाऊं लागला, दाढीनंतर गाल झोंबूं लागला, कीं पातें बदलावें. त्यापुढें तें वापरणें ही काटकसर नव्हे. तो हट्ट आहे. दोन रुपये वांचविण्यासाठीं गाल सोलून घेणारा मनुष्य हिशेबांत कच्चाच म्हणावयाचा.

आणि एक गोष्ट निक्षून सांगावयाची. पातें कितीहि नवें असो, तें दुसऱ्यास देऊं नये व दुसऱ्याचें घेऊं नये. मग तो सख्खा भाऊ कां असेना. न दिसणाऱ्या ओरखड्यांतूनहि रक्ताचा अंश पात्यास लागतो, आणि हेपॅटायटिस बी या यकृताच्या रोगाचा विषाणु शरीराबाहेर निदान सात दिवस जिवंत राहूं शकतो. केशकर्तनालयांत कारागीर पातें मोडून त्याचा अर्धा भाग वस्तऱ्यांत बसवितो. तो आपल्यादेखत नवा बसविला आहे ना, हें पाहण्यांत संकोच कसला?

आतां तो धडा. माझा हिशेब चांगला चालला होता. एक पातें तर दहाव्या दाढीस पोंचलें, आणि तो आंकडा मीं घरांत सर्वांना ऐकविला. अकराव्या दिवशीं नवें पातें बसविलें आणि जुनें, तसेंच उघडें, केराच्या पिशवींत टाकलें. दुसऱ्या दिवशीं सकाळीं आमच्या आळींतील केर नेणारी बाई जिन्यापाशीं बसलेली दिसली. हाताला पदर गुंडाळला होता आणि पदर लाल झाला होता. मीं विचारलें, तेव्हां ती म्हणाली, "गुरुजी, कुणीतरी पातं टाकलंय पिशवीत."

तिच्यापुढें उघडी पडलेली पिशवी आमच्या घरचीच होती. तें तिला ठाऊक होतें कीं नाहीं, हें मला आजवर कळलेलें नाहीं. ती 'कुणीतरी' एवढेंच म्हणाली. मीं तिला डॉक्टरांकडे नेलें. दोन टांके पडले, धनुर्वाताची सुई टोंचली. पातें माझेंच होतें, असें मीं तिला वाटेंत सांगितलें. ती कांहीं बोलली नाहीं. चार दिवस तिचा हात कामास येईना. त्या दिवसांची मजुरी मीं भरून दिली. पण खाडा मजुरीचा झाला होता, तसा माझ्या शिकवण्याचाहि झाला होता. ज्या पात्याच्या दहा दाढ्यांचा मीं अभिमान बाळगला, त्याची अकरावी धार दुसऱ्याच्या हातावर चालली. दिनदर्शिकेवर तिच्यासाठीं खूण करण्यास जागा नव्हती.

अमेरिकेंत एके काळीं न्हाणीघराच्या आरशामागील कपाटांत एक बारीक फट ठेवीत. त्या फटींतून जुनीं पातीं भिंतीच्या पोकळींत टाकावयाचीं. आतां तीं घरें दुरुस्तीस निघतात, तेव्हां भिंतींतून गंजलेल्या पात्यांचे ढीग निघतात आणि कामगारांना जपून हात घालावा लागतो. दृष्टीआड केलें म्हणजे काम संपलें, असें होत नाहीं. तें फक्त पुढच्या मनुष्यावर ढकललें जातें.

मीं आतां घट्ट झांकणाचा एक रिकामा पत्र्याचा डबा ठेवला आहे. झांकणास एक चीर पाडली आहे; जुनें पातें त्या चिरेंतून आंत जातें आणि पुनः बाहेर येत नाहीं. पातें इतकें पातळ असतें कीं, एक लहानसा डबा कित्येक वर्षें पुरतो. भरला म्हणजे चीर चिकटपट्टीनें बंद करावी, डब्यावर ठळक अक्षरांत 'धारदार पातीं' असें लिहावें आणि तो केरांत न मिसळतां, आंत काय आहे तें सांगून, वेगळा हातीं द्यावा. घरांतील स्त्रियांनीं हा डबा मागून घ्यावा. पुरुषांना त्याची आठवण आपण होऊन होईलच असें नाहीं, हें मी अनुभवानें सांगतों.

पातें अधिक दिवस चालविण्यांत जो पैसा वांचतो तो अल्प आहे. तो कशाला, हा आपला पहिला प्रश्न मला मान्य आहे. परंतु पातें निम्म्या वेळां बदललें तर केराच्या वाटेला जाणारीं पातींहि निम्मींच होतात, आणि गालहि सुखी राहतो. काटकसरीचा खरा नफा तो. आपण पात्याला तीन मिनिटें ऊन पाण्याचीं द्यावीं, हलका हात द्यावा आणि शेवटीं त्याला एक डबा द्यावा. त्याचें आयुष्य आपल्या गालावर सुरू होतें. दुसऱ्या कोणाच्या हातावर तें संपूं नये.