मूळ फाइल कुठे आहे?

प्रकाशक आणि ग्रंथपाल मित्रहो, आणि अशा सभांत ज्यांचे नाव सहसा घेतले जात नाही ते अक्षरजुळणी करणारे बंधुभगिनी,

अध्यक्षपदाचा मान दिलात, आभारी आहे. आभार एवढ्यावरच थांबवतो, कारण मला थोडे भांडायचे आहे.

दृष्टिहीन विद्यार्थ्यांचा विषय निघाला की आपला आवाज आपोआप मऊ होतो. पुण्याला तरी हे शोभत नाही. कोरेगाव पार्कातली अंधशाळा १९३४ पासून चालते आहे. आता कौतुकाच्या पुढे जायला हवे. साधनेही आली आहेत. एनव्हीडीए हा पडद्यावरचा मजकूर बोलून दाखवणारा स्क्रीन रीडर फुकट मिळतो. ऑस्ट्रेलियातल्या मायकेल करन या दृष्टिहीन तरुणानेच तो २००६ मध्ये लिहायला घेतला. अँड्रॉइड फोनमध्ये टॉकबॅक असते, मराठी वाचणारा आवाज असतो. उल्हासनगरच्या प्रांजल पाटील पडद्यावरचा मजकूर ऐकत अभ्यास करून आयएएस झाल्या.

मग अडते कुठे? अप्पा बळवंत चौकात! तिथल्या दुकानांतली किती पुस्तके ऐकता येतील? विद्यार्थ्याने खटपट करून प्रकाशकाकडून फाइल मिळवली, तरी स्क्रीन रीडर त्यातून रोमन अक्षरांचा कचरा वाचतो. जुन्या फॉन्टमध्ये रोमन चिन्हांच्या जागी देवनागरीचे तुकडे बसवलेले असतात. डोळ्यांना ‘क’ दिसतो, यंत्राला भलतेच काही. श्रीलिपी काय, सी-डॅकचे फॉन्ट काय, हे काम याच शहरात झाले आणि मराठी छपाईवर त्याचे उपकार आहेत, हे मी मोकळेपणाने मान्य करतो. पण युनिकोड येऊन इतकी वर्षे झाली. अजून तिथेच मुक्काम कशासाठी?

युनिकोडमध्ये जुळवले म्हणजे सुटलो, असेही नाही. पीडीएफ अक्षरांचे आकार सांभाळते, त्यांचा क्रम नव्हे. पहिली वेलांटी व्यंजनाच्या आधी जाऊन बसते आणि शब्द मोडतो. स्कॅन केलेली पाने तर नुसती छायाचित्रे. त्यांतली अक्षरे ओळखायला ओसीआर लावले की जोडाक्षरे घसरतात, तळटीप मधल्या परिच्छेदात शिरते. मग कुणी स्वयंसेवक ओळन्‌ओळ दुरुस्त करत बसतो, आणि तोवर परीक्षा होऊन जाते. जो मजकूर अक्षरजुळणीच्या वेळी तुमच्याकडे शुद्ध स्वरूपात होता, तोच पुन्हा उभा करण्यासाठी हा सगळा खटाटोप!

कायद्याची भीती बाळगू नका. २०१२ च्या दुरुस्तीनंतर कॉपीराइट कायदाच अपंग वाचकांसाठी पुस्तकाचे सुगम रूप करायला मुभा देतो. दृष्टिहीनांना वाचता येतील अशा पुस्तकांसाठीच्या माराकेश कराराला मान्यता देणारा पहिला देश भारत होता, २०१४ मध्ये. त्या कराराने हाताने पान उलटता न येणारा वाचकही मोजला आहे, हे आपण विसरतो. २०१६ पासून अशा पुस्तकांचे ‘सुगम्य पुस्तकालय’ हे ऑनलाइन ग्रंथालय आहे. पण मराठी पुस्तक तिथे आपल्या पायांनी चालत जाणार नाही.

राहिली चोरीची धास्ती. टेलिग्रामवर फिरणाऱ्या पुस्तकांकडे एकदा बघा: ती बहुतेक छापील प्रतीवरून स्कॅन केलेली असतात. चोराला स्कॅन चालतो, दृष्टिहीन वाचकाला तो चालत नाही. म्हणजे आपण फाइल कुलुपात ठेवून अडवले कुणाला, तर मागून, विचारून, पैसे देऊन वाचू पाहणाऱ्याला. दृष्टिहीन विद्यार्थ्यांना लॅपटॉप वाटण्याच्या समारंभात मीही हार घातले आहेत. पण त्या लॅपटॉपवर वाचायचे काय, हा प्रश्न तिथे कुणी काढत नाही.

माझी मागणी लहान आहे. नव्या पुस्तकाची युनिकोडमधली ईपब फाइल छपाईबरोबरच तयार ठेवा, ती कुणाकडे मागायची तो पत्ता श्रेयपानावर छापा. लेखकांनी करारात हे लिहून घ्यावे. आणि ग्रंथपालांनो, पैसे तुमच्या हातात आहेत: पुढच्या खरेदीच्या मागणीपत्रातच ही अट घाला.