घासणारं चाक



मी अमेरिकेत, कोलोरॅडोत राहतो. नोकरीबद्दल सगळेच बोलले. मी माझ्या पिकअप ट्रकबद्दल बोलतो.

हौसेनं मी गाडी दोन इंच उचलून घेतली आणि 31 इंची टायर काढून 33 इंची बसवले. सरळ रस्त्यावर झकास! पण स्टिअरिंग पूर्ण वळवलं की खर्र आवाज यायचा. मी गाण्यांचा आवाज वाढवायचो.

एक दिवस लेक गाडी घेऊन डोंगराकडे गेली. परत आल्यावर म्हणाली, “बाबा, हा आवाज कसला?” वाकून पाहिलं, तर टायरची कड सोलवटलेली. घाटात टायर फुटला असता तर? त्या रात्री झोप लागली नाही.

मग भूमितीचा तास आठवला. व्यास दोन इंच वाढला की त्रिज्या एक इंच वाढते. गाडी उचलल्यानं जागा झाली ती वर. चाक वळताना घासत होतं मागे. कमानीच्या आतल्या प्लास्टिकला खडू फासला, गाडी पुढे-मागे घेत स्टिअरिंग दोन्हीकडे पूर्ण वळवलं. खडू पुसला गेला तेवढंच प्लास्टिक कापलं. अलाइनमेंटवाल्याकडून कॅस्टर वाढवून चाकं किंचित पुढे घेतली. आवाज थांबला.

आता मीटर 60 मैल दाखवतो तेव्हा गाडी जवळपास 64 नं धावते. लेकीला तेही सांगून ठेवलंय.

सर, तुमचा खडू अजून उपयोगी पडतो.