पेपर मुलीचा, तयारी घराची

आम्ही प्रतापगडच्या बचत गटातून बोलतोय.

आपल्याकडे धान कापणीला येतं, त्याच सुमारास नागपूर विद्यापीठाच्या हिवाळी परीक्षा येतात. उन्हाळी परीक्षेच्या दिवसांत तेंदूपत्ता. घराला हात हवे असतात, तेव्हाच मुलीला पुस्तक हवं असतं.

आमच्या गटातल्या एका ताईची मुलगी बीएला. पेपर आठ दिवसांवर, असाइनमेंट बाकी, आणि ती जेवेनाशी झाली. आम्ही म्हणालो, नखरे करते. एके संध्याकाळी ती रडली, तेव्हा कळलं. दिवसभर बांधीत कापणी, रात्री दोनपर्यंत वही. आम्हालाच लाज वाटली.

पुढच्या बैठकीत हप्त्याआधी तिचं वेळापत्रक समोर ठेवलं. पेपर संपेपर्यंत तिच्या वाट्याची कापणी आम्ही आळीपाळीने केली. स्वयंपाक भावाने सांभाळला. हो, भावाने! असाइनमेंटचे तिने चार तुकडे केले, रोज एक. रात्री दहाला दिवा बंद. झोप झाली की वाचलेलं लक्षात राहतं.

तुम्हीही मुलांना आधी तारखा विचारा, मार्क नंतर. शेजारणीच्या मुलीशी तुलना नको. मूल गप्प राहत असेल, झोपत नसेल, जगण्याचा कंटाळा बोलून दाखवत असेल, तर एकटं सोडू नका. टेली मानसचा १४४१६ हा नंबर चोवीस तास सुरू असतो. फोन मोफत आहे, मराठीत बोलता येतं.

राहिलेला पेपर पुन्हा देता येतो, बायांनो. आपलं लेकरू एकच असतं.