तीन उतारे



मघाशी मंडपातून येताना पाहिलं, मागच्या बाजूला आज पदवी घेणाऱ्या मुलामुलींचे बरेच पालक उभे आहेत. कुणी लासुर्ण्याहून आलंय, कुणी बावड्याहून, कुणी सुप्याहून. दिवस ऊसतोडीचे आहेत. रानात टोळी आलेली असताना शेतकरी घर सोडत नाही, तरी तुम्ही आलात. म्हणून पहिला नमस्कार तुम्हाला.

प्राचार्यांनी मला विषय दिला तो असा : चांगली नोकरी सोडून लिहिण्याकडे आणि पुस्तकांकडे कसा वळलात, ते मुलांना सांगा. मी एका साखर कारखान्याच्या प्रयोगशाळेत चौदा हंगाम काम केलं. कारखान्यातला माणूस वर्षं मोजत नाही, हंगाम मोजतो. मोळी पडली की वर्ष सुरू, पट्टा पडला की संपलं. माझं काम उतारा काढण्याचं. रसाचा नमुना घ्यायचा, ब्रिक्स बघायचं, पोल बघायचा, त्यावरून शुद्धता काढायची, आणि आठ तासांच्या पाळीत हे पुन्हा पुन्हा करायचं. एक टन उसातून आपल्या भागात साधारण ११० ते १२० किलो साखर निघते, आणि उसाचा दर या उताऱ्याशी बांधलेला असतो. उताऱ्यात दशांशाचा फरक पडला तरी हजारो शेतकऱ्यांच्या बिलात फरक पडतो. त्यामुळे नमुना चुकीचा घेतला तर पुढचं सगळं गणित बरोबर असूनही उत्तर खोटं येतं, हे मी फार लवकर शिकलो.

लिहायची ओढ शाळेपासून होती. पण कशाविषयी लिहायचं ते कळत नव्हतं. पावसाच्या कविता लिहिल्या, न पाहिलेल्या समुद्राच्या कथा लिहिल्या. त्या वह्या अजून घरात आहेत. त्यात एकही ओळ अशी नाही, जी माझ्याशिवाय दुसऱ्या कुणाला लिहिता आली नसती.

मग एका हंगामात, जानेवारीतल्या रात्रपाळीला, मी यार्डात चहाला गेलो. बैलगाड्यांची रांग लांब होती. नंबर यायला पहाट होणार होती. शेकोटीशी एक म्हातारे शेतकरी बसले होते. सगळे त्यांना तात्या म्हणत. गाव विचारलं तर म्हणाले, ‘कंचं सांगू? पाण्याखालचं का पाण्यावरचं?’

उजनीचं धरण १९८० साली पुरं झालं. भिंत सोलापूर जिल्ह्यात, पण पाणी मागे फुगत इंदापूरच्या गावांवर आलं. भीमेकाठची काळी रानं, घरं, देवळं त्या पाण्यात गेली. उन्हाळ्यात पाणी खूप खाली गेलं की पळसदेवचं जुनं देऊळ वर येतं आणि लोक होडीतून बघायला जातात. त्या पाण्यावर माझा राग नाही. माझ्या कारखान्यात येणारा निम्मा ऊस त्याच पाण्यावर वाढलेला असायचा. पण तात्यांचं रान त्याच्या तळाशी होतं. त्यांनी मला त्या रात्री त्यांच्या शिवारातल्या रानांची नावं सांगितली. मळई. चिंचेचं. वाघजाईचं. थोरलं वावर. खोकडाचा माळ. बोटांवर मोजत, नदीकडून गावाकडं, एका ओळीत. सातबाराचा उतारा कधीच बदलला होता, मोबदला मिळाला होता, नवं गावठाण वसलं होतं. ही नावं मात्र कुठल्याच उताऱ्यावर नव्हती. तात्या म्हणाले, ‘सायब, रानं गेली ती गेली. नावं तेवढी लिवून ठेवा. मी गेल्याव पोरांना ठावंबी नसत्याल.’

माझ्या खिशात काट्याची एक पावती होती. तिच्या पाठीवर मी एकवीस नावं लिहिली. मुलांनो, माझं लेखन तिथून सुरू झालं असं मी मानतो.

पुढच्या दिवाळीला त्या नावांवर लिहिलेला माझा लेख एका अंकात छापून आला. मला वाटलं, आपण लेखक झालो. हंगाम सुरू झाल्यावर तात्या रांगेत दिसले. अंक त्यांनी नातवाकडून वाचून घेतला होता. त्यांनी मला शेजारी बसवलं. सायब म्हणणं त्यांनी तोवर सोडलं होतं. म्हणाले, ‘समदं खरं हाय. पर बेलाचं न्हवं रं, बेलदाराचं. हीर खांदाया बेलदार आलं हुतं, दोन वरसं तितं ऱ्हायली ती माणसं. तू त्यांना पुसूनच टाकलंस की.’

मी ‘बेलाचं रान’ लिहिलं होतं. कानाला बरं वाटलं म्हणून तसंच ठेवलं होतं, आणि वर बेलाच्या झाडाचं चार ओळींचं सुंदर वर्णनही केलं होतं. ते झाड तिथं कधीच नव्हतं. दगड फोडून विहीर बांधणारी माणसं होती, आणि माझ्या सुंदर ओळींनी ती दुसऱ्यांदा पाण्याखाली गेली. प्रयोगशाळेत नमुना चुकला तर मी पुन्हा घेत असे. मग लिहिताना का नाही घेतला? त्या प्रश्नानं मला बरेच दिवस झोप लागली नाही. त्यानंतर मी सुट्टीच्या दिवशी उठलेल्या गावांतल्या म्हाताऱ्या माणसांकडे जायला लागलो. एकच नाव तीन जणांना विचारायचो. जुन्या नोंदींशी ताडून बघायचो. या कामाची पद्धत मला कुठल्याही लेखन शिबिरात मिळाली नव्हती. ती मला कारखान्यानं दिली होती. म्हणून नोकरीतली चौदा वर्षं वाया गेली का, असं कुणी विचारलं की मला खरोखर वाईट वाटतं.

आता नोकरी सोडण्याचं. लगेच सोडली नाही. घरी बोललो तेव्हा वडील बराच वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, ‘पगार थांबला की आठव्या दिवशी माणसाला जग येगळं दिसतं. सोसंल का तुला?’ बायकोनं वेगळा विचार केला. ती म्हणाली, ‘अहो, दोन वर्षं घर चालेल एवढं बाजूला पडू द्या. मग सोडा. त्याआधी नको.’ तेवढं बाजूला पडायला साडेतीन वर्षं लागली. त्या साडेतीन वर्षांत रोज पहाटे दीड तास लिहिलं. पाळी कुठलीही असो.

हिशेब मी तुम्हाला उघड सांगतो, कारण तो मला कुणी सांगितला नव्हता. पुस्तकाची किंमत २०० रुपये धरा, आवृत्ती १००० प्रतींची, मानधन दहा टक्के. शेवटची प्रत विकली गेली तरी लेखकाच्या हातात २०,००० रुपये येतात, आणि शेवटची प्रत विकायला दोन-तीन वर्षंही लागू शकतात. यावर घर चालत नाही. माझं घर मुद्रितशोधनावर, भाषांतरावर आणि इतरांची हस्तलिखितं नीट करून देण्यावर चाललं. ही कामं मी मान खाली घालून करत नाही. दुसऱ्याच्या वाक्यातली चूक शोधताना आपलं वाक्य सुधारतं. तुमच्यापैकी ज्यांना लिहून जगायचं आहे त्यांनी यातलं एक तरी काम पोट भरण्याइतकं पक्कं शिकून घ्यावं.

आपण बसलोय तिथून कऱ्हा लांब नाही. या नदीच्या काठी जे लिहिलं गेलं, ते पाहिलं की मला धीर येतो. श्रीधरांनी ‘शिवलीलामृत’ शके १६४० मध्ये इथं बारामतीत पूर्ण केलं. ग्रंथाच्या शेवटच्या अध्यायातच तशी नोंद आहे. तुमच्या आजीच्या देव्हाऱ्यात जी पोथी असते, ती आपल्या गावात पुरी झाली. मोरोपंत जन्मले पन्हाळ्याला, १७२९ साली. तरुणपणी बारामतीला आले आणि १७९४ मध्ये वारले ते इथंच. बाबूजी नाईकांचा आश्रय त्यांना होता हे आपण शाळेत शिकतो, पण आश्रय म्हणजे बसून खाणं नव्हतं. ते नाईकांकडे पुराण सांगत. समोर श्रोते बसलेत, त्यांना अर्थ कळला पाहिजे, कंटाळा येता कामा नये, हे काम आयुष्यभर केलेला माणूस आर्या लिहीत होता. एकशे आठ रामायणं रचण्याचा संकल्प, त्यात ओठांना ओठ न लावता म्हणता येईल असं निरोष्ठ रामायण, ही करामत पुस्तकांत डोकं खुपसून येत नाही. ती कानातून येते, असं मला त्यांची नोकरी लक्षात घेतल्यावर वाटू लागलं.

याच नदीच्या वरच्या अंगाला, सासवडजवळ कोढीतला, १८९८ मध्ये आचार्य अत्रे जन्मले. त्यांनी आत्मचरित्राला नाव दिलं ‘कऱ्हेचे पाणी’. त्यांचं १९३३ सालचं ‘साष्टांग नमस्कार’ रंगभूमीवर आलं तेव्हा ते पुण्यात शाळा चालवत होते. चित्रपट, साप्ताहिक, १९५६ मध्ये सुरू झालेलं दैनिक ‘मराठा’ हे सगळं नंतरचं. वर्गात मुलांना खिळवून ठेवणारा मास्तर त्यांच्या प्रत्येक भाषणात आणि अग्रलेखात राहिला.

आणि विष्णुशास्त्री चिपळूणकर. त्यांनी १८७९ मध्ये सरकारी नोकरी सोडली, हे धाडस सगळ्यांना माहीत असतं. ‘निबंधमाला’ त्यांनी १८७४ मध्येच सुरू केली होती, नोकरीत असताना, हे मात्र आपण विसरतो. पाच वर्षं लिहून हात आणि वाचक तयार झाल्यावर ते बाहेर पडले. बाहेर पडून शाळा काढली, छापखाने उभे करण्यात भाग घेतला, किताबखाना नावाचं पुस्तकांचं दुकान काढलं. लिहिलेलं वाचकापर्यंत पोचायला वाट लागते आणि ती वाटही आपणच बांधायची असते, हे त्यांना त्या काळात कळलं होतं. १८८२ मध्ये ते गेले तेव्हा वय अवघं एकतीस होतं. तुमच्यापेक्षा दहा वर्षांनी मोठे.

आपल्याच जिल्ह्यातलं अगदी अलीकडचं नाव घ्यायचं तर ओतूरचे अनिल अवचट. डॉक्टरकीची पदवी घेतली आणि वळले लेखनाकडे. बिहारमधल्या दुष्काळी भागावरचं त्यांचं ‘पूर्णिया’ १९६९ मध्ये आलं. मला त्यांचं लेखन वाचताना नेहमी वाटतं, हा माणूस नाडी धरूनच बसलाय. आधी विचारायचं, ऐकायचं, मग बोलायचं.

चिपळूणकरांच्या किताबखान्यावरून मला एक कल्पना सुचली. नोकरी सोडल्यावर फंडाच्या पैशातून मी जुना टेम्पो घेतला. आत फळ्या ठोकल्या. आठवड्याचं वेळापत्रक केलं : निमगाव केतकी, भिगवण, वालचंदनगर, मग वाड्यावस्त्या. निमगावला पानमळेवाले येतात, भिगवणला मासळीचा लिलाव उरकून मच्छीमार येतात. आधी स्पर्धा परीक्षेची पुस्तकं मागतात, डाळिंबाच्या रोगांवरची मागतात. तिसऱ्या-चौथ्या फेरीला हळूच विचारतात, ‘एखादी गोष्टीची हाय का?’ त्या प्रश्नासाठी मी तीन फेऱ्या वाट बघायला शिकलोय. तात्यांच्या नावांवरचं माझं पुस्तकही त्या गाडीत असतं. त्यात त्या एकवीस नावांची आता एकशे सत्तेचाळीस झाली आहेत. बेलदाराचं रान पहिल्या पानावर आहे. तात्यांनी ते हातात घेतलं, वास घेतला आणि नातवाला म्हणाले, ‘हं, वाच.’ मला मिळालेला तो सगळ्यात मोठा सन्मान.

शेवटी एक वस्तू दाखवायची आहे. हे पुस्तक. गोष्टींचं आहे, मुलांसाठीचं. वरचं वेष्टण बघा, खताच्या पिशवीचं आहे, शिवणही सुईदोऱ्याची. हंगामात माझी गाडी ऊसतोड कामगारांच्या कोप्यांवर, म्हणजे झोपड्यांवर, जाते. तिथली मुलं पुस्तकं नेतात आणि कारखान्याचा पट्टा पडला की एका रात्रीत ट्रॅक्टर भरून कुटुंबं बीडकडे परततात. पुस्तकंही जातात. सुरुवातीला मी वहीत ‘गहाळ’ असा शेरा मारायचो. हे पुस्तकही मी गहाळ धरलं होतं. या दिवाळीनंतर, मोळी पडल्यावर दहाव्या दिवशी, एका अकरा-बारा वर्षांच्या मुलीनं ते आणून दिलं. एक पान फाटलेलं नाही.

मागच्या कोऱ्या पानावर तिनं पेन्सिलीनं काहीतरी लिहिलंय. गेल्या हंगामात त्यांची कोपी जिथं जिथं पडली त्या फडांची नावं आहेत ही. गावाचं नाव, पुढं रानाचं नाव. तिला हे कुणी सांगितलं नव्हतं. मधलं एक नाव खोडून पुन्हा नीट लिहिलंय.

ती आज सणसरच्या बाजूला आहे, कोपी परवाच हललीय. इथून निघालो की अंधार पडायच्या आत मला तिथं पोचायचंय. गाडीत तिच्यासाठी दोनशे पानी वही ठेवलीय.